पांढरी माशी कुठे बसते

भेंडीच्या वावरात पांढरी माशी बघायला जायचं तर सकाळी सातच्या आत जावं. ऊन चढलं की ती चपळ होते. झाडाला नुसता गुडघा लागला तरी उठते आणि दोन ओळी पलीकडे जाऊन बसते. सकाळच्या गारव्यात मात्र ती सुस्त असते. शेंड्याकडून तिसरं-चौथं पान देठाशी हलक्या हातानं धरायचं आणि न झटकता उलटं करायचं. पानाच्या पाठीवर कुणी चिमूटभर पीठ भुरभुरावं तसे ठिपके दिसतात. एकेक ठिपका जेमतेम एक मिलिमीटरचा, पंख कौलारू छपरासारखे दोन्हीकडे उतरते मिटलेले.

नावात माशी असली तरी ही माशी नव्हे. घरमाशीला दोन पंख असतात, हिला चार. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्या गोतावळ्यातली ही कीड आहे. तोंडाच्या जागी सोंड आणि आयुष्यभर रस शोषणं हाच उद्योग. १८८९ साली ग्रीसमध्ये तंबाखूच्या पिकावर तिची पहिली शास्त्रीय नोंद झाली, म्हणून ‘बेमिसिया टॅबासी’ या तिच्या नावात तंबाखू कायमची चिकटली. प्रत्यक्षात ती सहाशेहून अधिक वनस्पतींवर जगते. आपल्याकडे टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची, काकडी, भोपळा, कापूस, सोयाबीन, आणि बांधावरची पेटारी, घाणेरी, गाजरगवत हे सगळं तिचंच ताट.

आता त्याच झाडाचं आणखी खालचं पान उलटा. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर फार चांगलं. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर बारीक देठावर उभी रोवलेली अंडी असतात. त्याखालच्या पानांवर खवल्यांसारखी चपटी, फिकट पिवळसर पिल्लं. आणि सगळ्यात खालच्या पानांवर लाल डोळ्यांचे कोष, काही ठिकाणी तर माशी उडून गेल्यावर मागे राहिलेली पारदर्शक रिकामी टरफलं. असा क्रम लागतो त्याला कारण आहे. मादी अंडी घालते ती नेहमी कोवळ्या पानावर. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोडा वेळ सरपटतं, जागा पकडतं आणि मग पंख फुटेपर्यंत तिथून हलत नाही. दरम्यान झाड वाढतं, कालचं कोवळं पान आज जून होतं. म्हणून झाडाच्या खोडावरून नजर खाली नेली की किडीचं वय वाचता येतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण पंधरा ते वीस दिवस लागतात, थंडीत ते लांबतात. हे पंधरा-वीस दिवस लक्षात ठेवा, पुढे त्यांचा हिशेब लागणार आहे.

रस शोषल्यानं झाड पिवळं पडतं, पानांवर चिकट गोड स्राव पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. एवढंच असतं तर ही कीड माव्याइतकीच त्रासदायक ठरली असती, जास्त नाही. खरं नुकसान ती करते विषाणू वाहून. भेंडीचा केवडा हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. पानाच्या शिरा पिवळ्याधमक, मधला भाग हिरवा, मग सगळं पानच केवड्याच्या पातीसारखं पिवळं. शेंगा पांढुरक्या आणि राठ. या रोगाचा इतिहास आपल्याच भागातला आहे. १९२४ साली मुंबई इलाख्यातून त्याची पहिली नोंद झाली. १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर या संशोधकांनी तो विषाणूचा रोग म्हणून मांडला, आणि पुढच्या दशकभरात कपूर आणि वर्मा यांनी पांढऱ्या माशीचा त्यातला हात सविस्तर दाखवला. टोमॅटोची पानं आकसून झाड झुडपासारखं होतं तो पर्णगुच्छ आणि मिरचीचा विषाणूजन्य बोकड्या हीसुद्धा याच माशीची देणगी. मिरचीबद्दल एक सावधगिरी इथेच सांगतो. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे असतात, खाली वळून देठ लांबले असतील तर कोळी. सगळ्याच चुरडा-मुरड्याचं खापर पांढऱ्या माशीवर फोडून चुकीचं औषध मारणारे शेतकरी कमी नाहीत.

विषाणू पसरतो कसा, हे नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. रोगट झाडावर माशी थोडा वेळ, दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, रस पीत बसली की विषाणू तिच्या पोटात जातो. तो आतड्यातून रक्तात आणि तिथून लाळेत पोचायला काही तास लागतात. त्यानंतर ती माशी पुढचे बरेच दिवस, अनेकदा मरेपर्यंत, ज्या झाडावर बसेल त्याला लाळेतून रोग देऊ शकते. आणि तिथेही तिला काही मिनिटांचीच बैठक पुरते. म्हणजे औषध मारल्यावर माशी तासाभरानं मेली तरी तिचं काम आधीच उरकलेलं असू शकतं. शेजारच्या शेतातून रोज नव्या माशा येत असतील तर कितीही पंप मारले तरी रोग थांबत नाही, हा अनुभव यातूनच येतो. शिवाय वारंवार त्याच त्या औषधांनी माशीत प्रतिकारशक्ती येते आणि तिला खाणारे कीटक मरतात ते वेगळंच. १९८०च्या दशकात आंध्रच्या गुंटूर भागात कापसावर आणि २०१५ साली पंजाब-हरियाणात कापसावरच पांढऱ्या माशीनं जो हाहाकार उडवला, त्या काळात फवारण्या कमी पडल्या होत्या असं कुणीच म्हणणार नाही.

म्हणून माशी मरते कशानं, या प्रश्नाआधी ती बसते कुठे हा प्रश्न विचारायला हवा.

ती बसते आधी डोळ्यांनी ठरवून. १९६२ साली लॉरेन्स माउंड यांनी प्रयोग करून दाखवलं की पांढरी माशी दोन प्रकारच्या प्रकाशाकडे ओढली जाते. निळ्या-अतिनील उजेडाकडे झेपावते तेव्हा ती प्रवासाला निघालेली असते, पिवळ्याकडे वळते तेव्हा बसायला जागा शोधत असते. शेतातल्या पिवळ्या चिकट सापळ्यांमागचं गणित हेच. खाली उतरल्यावर ती सोंड खुपसून चव घेते. पसंत पडलं तर ठाण मांडते, नाही तर उडते. अगदी जवळच्या अंतरात वासही तिला ओढतो किंवा परतवतो. दिसणं, वास, चव या तिन्ही टप्प्यांवर आपल्याला हात घालता येतो. एकीकडे तिला जास्त आवडेल असं झाड देऊन ओढायचं, दुसरीकडे मुख्य पिकापासून ढकलायचं. केनियात मक्याच्या खोडकिड्यावर ही जोडी फार यशस्वी झाली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम लावून पतंगांना हुसकावायचं आणि कडेच्या नेपियर गवतात त्यांना अंडी घालायला लावायचं. पांढऱ्या माशीसाठी तीच पद्धत वापरता येते, मात्र इथे अटी जास्त कडक आहेत.

सापळा पिकाचं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण जॉर्डनचं आहे. तिथल्या टोमॅटोत पानं पिवळी होऊन आकसण्याचा रोग माजला होता. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात अल-मूसा यांनी दाखवलं की टोमॅटोच्या महिनाभर आधी काकडी लावली तर टोमॅटोत रोग पसरायला उशीर लागतो. यातले दोन बारकावे सोन्याच्या मोलाचे आहेत. एक, काकडी आधी लावली. टोमॅटोची रोपं शेतात आली तेव्हा काकडीची मोठी, मऊ, हिरवी-पिवळी पानं माशीची वाट पाहत तयार होती. दुसरं, तिथल्या टोमॅटोचा विषाणू काकडीत वाढत नव्हता. माशीनं लाळेतून विषाणू काकडीत सोडला तरी काकडीकडून परत काही मिळत नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या फ्लोरिडात डेव्हिड शुस्टर यांनी भोपळ्याच्या कुळातल्या स्क्वॉशचा असाच वापर करून टोमॅटोवरच्या माशा आणि रोग दोन्ही कमी होतात हे दाखवलं.

आणि आता अपयशाची गोष्ट, कारण तीही तितकीच उपयोगी आहे. उत्तर फ्लोरिडातच घेवड्याच्या पिकासाठी वांगी हे सापळा पीक म्हणून लावून पाहिलं. वांग्यावर माशा भरपूर जमल्या, सापळा म्हणून वांगं अगदी नावाजावं असं ठरलं. पण घेवड्यावरच्या माशा काही कमी झाल्या नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण पंधरा-वीस दिवसांच्या त्या हिशेबात आहे. आवडतं झाड म्हणजे नुसतं बसायचं ठिकाण नव्हे, ते बाळंतिणीचं घरही असतं. तिथे जमलेल्या माद्या अंडी घालणार, तिसऱ्या आठवड्यात नवी पिढी उडणार, आणि ती शेजारच्या घेवड्यावरही जाणार. सापळा रिकामा करत राहिलं नाही तर आपणच माशीची रोपवाटिका चालवतो.

जॉर्डनची काकडी जशीच्या तशी आपल्या टोमॅटोत आणावी का? माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. आपल्याकडे टोमॅटोवर पर्णगुच्छ आणणाऱ्या विषाणूंपैकी एक, ज्याच्या नावातच नवी दिल्ली आहे, तो काकडी, दोडका, कारलं, भोपळा या वेलवर्गीय पिकांतही सुखानं वाढतो. हाच विषाणू पुढे स्पेनमध्ये पोचला आणि २०१२पासून तिथल्या झुकिनीच्या मागे लागला. अशा ठिकाणी टोमॅटोच्या कडेला काकडी लावणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं. परदेशातली शिफारस वाचून बियाणं आणण्याआधी सापळा पिकात आपल्याकडचा विषाणू वाढतो का, हे विचारलंच पाहिजे.

भेंडीत मात्र सापळा पिकाला चांगली जागा आहे. केवड्याचा विषाणू मुख्यतः भेंडीच्याच कुळात, म्हणजे रानभेंडी, हॉलिहॉक अशा झाडांत राहतो. वांगं त्या कुळातलं नाही आणि माशीला ते फार प्रिय आहे. भेंडी टोकण्याच्या तीन-चार आठवडे आधी शेताच्या ज्या बाजूनं वारा येतो आणि ज्या बाजूला शेजाऱ्याचं जुनं पीक आहे, त्या कडेला वांग्याच्या दोन ओळी लावाव्यात. कडेलाच, कारण माशी बाहेरून वाऱ्याबरोबर येते आणि शेताची कड तिला आधी भेटते. कापूस किंवा अंबाडी या कामासाठी चुकूनही लावू नये, ती भेंडीचीच भावंडं.

लावून झाल्यावर खरं काम सुरू होतं. दर चार दिवसांनी वांग्याची पानं उलटून पाहायची. सकाळी माशी सुस्त असताना साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा पानांच्या पाठीवर बसेल असा मारायचा. हवेत दमटपणा असेल तेव्हा संध्याकाळी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी फवारता येते. रासायनिक औषध वापरायचंच असेल तर ते लेबलवर त्या पिकासाठी लिहिलेलं, आणि फक्त या दोन ओळींवर. सगळ्या शेताला आंघोळ घालण्यापेक्षा खर्च आणि विष दोन्ही कितीतरी कमी. पिल्लांनी भरलेली खालची पानं पंधरा दिवसांच्या आत खुडायची, पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि गाडून टाकायची. बांधावर टाकली तर त्यातल्या कोषांतून माशा निघतातच. या ओळींच्या वांग्यांवर उत्पन्नाचा डोळा ठेवू नये. आलेल्या चार वांग्यांच्या मोहापायी सापळा ठेवून दिला जातो आणि डाव उलटतो.

आता ढकलण्याकडे. इथे बाजारात आणि बोलण्यात फार भरमसाट दावे चालतात, म्हणून जे तपासून पाहिलेलं आहे त्यापासून सुरुवात करू. ब्राझीलमध्ये टोमॅटोत कोथिंबीर लावून पाहिली तेव्हा पांढऱ्या माशीला टोमॅटो ओळखणं अवघड गेलं. २०१०च्या अभ्यासात कोथिंबिरीचा वास टोमॅटोच्या वासावर पांघरूण घालतो असं दिसलं. कोस्टा रिकातही टोमॅटोच्या ओळींखाली कोथिंबिरीचं जिवंत आच्छादन करून चांगले निष्कर्ष मिळाले. तिथे वासाइतकाच रंगाचाही भाग होता. उघडी माती आणि तिच्यावर उठून दिसणारं एकटं हिरवं रोप माशीला लांबून खुणावतं. जमीनच हिरवी झाली की रोप त्यात हरवतं. आपल्या शेतकऱ्याला कोथिंबीर लावायला शिकवावं लागत नाही. टोमॅटो लावण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सरीच्या कडेनं धणे टाकले, तर रोप लागेल तेव्हा कोथिंबीर टिचभर झालेली असते आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तिची जुडी बाजारातही जाते. ज्या सापळ्यावर उत्पन्न घेऊ नये म्हटलं, त्याची भरपाई इथे होते.

झेंडूबद्दल थोडं जपून बोलतो. २०१९ साली इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की टोमॅटोजवळचा फ्रेंच झेंडू लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य हवेत सोडतो आणि त्यानं पांढरी माशी दूर राहते. फ्रेंच झेंडू म्हणजे बुटका, लालसर-तपकिरी कडांचा. तो प्रयोग काचघरात होता आणि तिथली माशीही आपल्या उघड्या शेतातल्या माशीपेक्षा वेगळ्या जातीची. आपल्याकडे टोमॅटोत जो मोठा गोंडा लावतात तो मुख्यतः फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आणि सूत्रकृमींसाठी, आणि त्या कामात तो खरोखर गुणी आहे. पांढऱ्या माशीसाठी झेंडू हाच रामबाण, असं सांगायची माझी तयारी नाही. लावला तर मात्र टोमॅटोबरोबरच लावावा. माशी घर करून बसल्यावर आणलेला झेंडू फारसं काही करत नाही, हेही त्याच प्रयोगात दिसलं.

चंदेरी मल्चिंग पेपर हा ढकलण्याचा आणखी एक उपाय. जमिनीवरून परावर्तित होणारा अतिनील उजेड माशीला गोंधळवतो, खाली आकाश असल्यासारखं वाटून ती उतरत नाही. रोपं लहान असताना याचा उत्तम उपयोग होतो. पानांनी पेपर झाकला की परिणामही झाकला जातो. पण विषाणूच्या दृष्टीनं पहिले पाच-सहा आठवडेच मोलाचे असतात. त्या वयात रोग लागलेलं रोप फळाला येत नाही. फळं धरल्यावर लागला तर नुकसान बरंच कमी.

आणि कडुनिंब. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य माशीला तत्काळ मारत नाही. पानावर ते असलं की मादी तिथे अंडी घालायला नाखूश असते आणि पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. ‘अर्क मारला, दुसऱ्या दिवशी माशी तशीच’ म्हणून नाराज होणाऱ्यांनी आठवड्यानं खालची पानं भिंगाखाली पाहावीत, कोष किती कोरडे पडलेत ते दिसेल. अर्क घरी करणं सोपं आहे. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी ढवळून फडक्यानं पिळून गाळायची, त्यात दोनशे ग्रॅम साबणचुरा विरघळवायचा आणि एकूण शंभर लिटर पाणी करायचं. हा पाच टक्के अर्क झाला. फवारणी संध्याकाळी, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं. आणि नोझल खालून वर धरून, कारण माशी राहते पानाच्या पाठीवर. सापळ्याच्या वांग्यावर हा अर्क मारायचा नाही. जिथे बोलावतो तिथूनच हाकलायचं, असं करून चालणार नाही.

ओढणं आणि ढकलणं यांच्या आधीची पायरी रोपवाटिकेतली आहे. तिथेच विषाणू शिरला तर पुढचं सगळं व्यर्थ. टोमॅटो-मिरचीची रोपं चाळीस ते पन्नास मेशच्या नायलॉन जाळीखाली वाढवावीत आणि दार उघडं टाकू नये. लागवडीच्या महिनाभर आधी शेताभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेराव्यात. माशीला त्यांत रस नसतो, पण उडताना ती अडते, आणि आडोशाला ढालकिडे, क्रायसोपा असे मित्रकीटक वाढतात. भेंडीला वाणाचाही आधार आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनी या भेंडीचा रानटी नातेवाइकाशी संकर करून केवड्याला दाद न देणारी परभणी क्रांती तयार केली, ती १९८०च्या दशकात सगळ्या देशात पोचली. विषाणूही बदलत राहतो, म्हणून एकाच वाणावर विसंबून आता भागत नाही.

तसंच एकट्याच्या शेतावरही भागत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९०च्या दशकात टोमॅटोचं पीक या रोगानं हातचं गेलं होतं. तिथे सरकारनं वर्षातले तीन महिने पांढऱ्या माशीच्या आवडीची पिकं लावायलाच बंदी घातली. माशीला आणि विषाणूला मधे पूलच राहिला नाही, आणि टोमॅटो सावरला. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायची गरज नाही. तोडा संपलेली भेंडी, टोमॅटो, मिरची ‘जनावरं चरतील नंतर’ म्हणून महिनाभर उभी ठेवली जाते, आणि शेजारी नवी लागवड होते. शेवटचा तोडा झाला की आठवड्यात ती झाडं उपटा, आणि शेजाऱ्यालाही तेवढं सांगा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पिकून पडतात. बांधावर कडुनिंब असेल तर यंदा त्या वाया जाऊ देऊ नका. गर धुऊन, सावलीत वाळवून पोतंभर ठेवल्या तर रब्बीच्या टोमॅटोपर्यंत पुरतील.